क्रॅश आणि मागची रांग

वाद्यांच्या दुकानात ड्रमसेटसाठी क्रॅश सिंबल घ्यायला आलेला माणूस चटकन ओळखू येतो. आधी तो आजूबाजूला कोण कोण आहे ते बघतो. मग स्टँडवर लावलेल्या सिंबलपाशी जातो, मधल्या बोटाच्या नखानं कडेवर टिचकी मारतो आणि कान जवळ नेऊन डोळे मिटतो. अगदीच धीट असला तर काउंटरवरून स्टिक मागून घेतो आणि तिच्या टोकानं हलकीशी टपली देतो. सिंबल छानपैकी 'झूंऽऽ' करतो, ते लांबत लांबत जातं, गिऱ्हाईक खूश होतं. हाच सिंबल पुढच्या शनिवारी दोन गिटार, एक बास आणि जीव खाऊन गाणारा गळा यांच्यामध्ये खांद्यापासून उचललेल्या हाताचे रट्टे खाणार असतो. पण निवड झालेली असते नखानं.

दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. शेजारी कीबोर्डचं प्रात्यक्षिक चालू असतं, कोपऱ्यात एखादी आई मुलीसाठी युकुलेले बघत असते. तिथे रॉकचा क्रॅश रॉकमधल्यासारखा वाजवला की "दादा, जरा हळू" असं येणारच. माझ्या वयाला ते "काका, जरा हळू" असं येतं, एवढाच फरक. मी पोटासाठी लोकांचे हिशेब तपासतो आणि शनिवार-रविवारी ड्रम वाजवतो. बँडमधली बाकीची मंडळी माझ्याहून बरीच लहान आहेत. गिगच्या दिवशी मला काका म्हणायचं नाही असं ठरलं आहे, आणि ते साउंडचेकपर्यंत पाळलंही जातं.

क्रॅशला गाण्यात काम तसं थोडं. हाय-हॅट आणि राइड हे बाकीचे सिंबल गाणंभर राबत असतात. क्रॅश येतो तो कडवं संपून धृपद उघडतं त्या पहिल्या ठोक्याला, एखाद्या फिलच्या शेवटी, किंवा सगळ्यांनी मिळून धाडकन थांबायचं असतं तिथे. खाली त्याच वेळी किक पडते. ती नसली तर क्रॅश अधांतरी राहतो. एवढ्याशा कामासाठी त्याच्याकडून मागायच्या त्या दोनच गोष्टी: मारल्याबरोबर तो उघडला पाहिजे, आणि काम झालं की वाटेतून बाजूला झाला पाहिजे. पहिली मागणी प्रत्येक ड्रमरला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. दुसरी त्याला सहसा स्वतःहून सुचत नाही. ती सुचवतात ती बाकीची माणसं, आणि सुरुवातीला जरा रागानंच सुचवतात.

बाजारात याच सिंबलाच्या पातळ, मध्यम-पातळ, मध्यम, जाड अशा जाती मिळतात, आणि शेवटच्या जातीवर पुष्कळदा 'रॉक' असं छापलेलं असतं. जोरात वाजवणारा माणूस तिकडे ओढला जातो. तर्क सरळ आहे: मी जोरात मारतो, म्हणून मला दणकट हवं, आणि मला मोठा आवाज हवा, म्हणून मला जड हवं. १८ इंचांचा मध्यम-पातळ क्रॅश भरतो दीड किलोच्या आसपास. हिशेबाची खोड असल्यामुळे मी एकदा गणित करून पाहिलं. एवढ्या वजनाचं कांस्य एवढ्या व्यासावर पसरलं तर सरासरी जाडी जेमतेम एक मिलिमीटर निघते. त्याच व्यासाचा जाड क्रॅश पावणेदोन किलोच्या पुढे जातो, म्हणजे जाडीत फरक पडतो तो मिलिमीटरच्या एखाद-दुसऱ्या दशांशाचा. सगळी भांडणं या दशांशावरची.

जाडी वाढली की स्वर चढतो. व्यास वाढला की उतरतो, आणि तोही व्यासाच्या वर्गाच्या हिशेबानं. तेवढ्याच जाडीचा १८ ऐवजी २० इंची सिंबल घेतला तर कंपनसंख्या सुमारे एक-पंचमांशानं खाली येते. इथपर्यंत शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. पुढची गंमत मात्र क्रॅशची खास स्वतःची आहे. पत्र्याचं वर-खाली होणं त्याच्या स्वतःच्या जाडीच्या बरोबरीला येऊ लागलं की त्याची वागणूकच पालटते. हलक्या टपलीला त्यातली प्रत्येक लहर आपापल्या जागी राहते, म्हणून दुकानातला तो स्वच्छ, लांब सूर. जोराचा फटका बसला की या लहरी एकमेकींत शक्ती ओतू लागतात. खालच्या सुरांतली शक्ती वरच्यांत, त्यांतली आणखी वरच्यांत सांडत जाते, आणि बघता बघता सुराचा गदारोळ होतो. हे फटक्याच्या क्षणी घडत नाही. फोडणीच्या तेलात मोहरी पडल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग ती सगळी एकदम तडतडते, तसं सेकंदाच्या विसाव्या-दहाव्या भागानंतर हे घडतं. क्रॅशचा जो 'छ्श्श' आपल्याला ठोक्याबरोबर ऐकू आला असं वाटतं, तो खरं तर ठोक्याच्या किंचित मागून फुललेला असतो.

पातळ क्रॅशची जाडीच कमी, म्हणून तो हा उंबरठा लवकर ओलांडतो. मनगटाच्या मध्यम फटक्यालाही उघडतो. जाड क्रॅशला तिथवर न्यायला दणदणीत फटका लागतो, आणि गाण्याच्या धांदलीत असा फटका दर वेळी नेमका बसतोच असं नाही. अर्धवट उघडलेला जाड क्रॅश फार वाईट वाजतो. धृपदाच्या दारात 'ट्यांऽग' करून उभा राहतो. पुरता उघडला, तर मग जाता जात नाही.

आणि तो जात नाही म्हणजे नेमका कुठे रेंगाळतो? फटक्यामागून उठणाऱ्या या लखलखाटाचा जोर साधारण ३ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. माणसाचा कान जवळपास इथेच सर्वांत तिखट. डिस्टॉर्शन दिलेल्या गिटारचा करकरीतपणा याच वस्तीतला, आणि गाणाऱ्याच्या तोंडातल्या च, ट, त यांची धारही इकडचीच. त्यातून लहान स्टेजवरची बसायची पद्धत. गायिका पुढे, तिच्या पाठीमागे मी. तिचा माइक तिच्या तोंडाकडे रोखलेला, म्हणजे तिच्या मागच्या माझ्याकडेही रोखलेला. माझा क्रॅश तिच्या माइकमधून थेट स्पीकरवर जातो, तिच्या शब्दांचा हात धरून. आमची गायिका हे सगळं शास्त्र न सांगता एवढंच म्हणाली, "तुमचा क्रॅश माझी अर्धी ओळ खातो." ओळ तिनंच लिहिलेली होती, त्यामुळे तक्रारीला धार होती.

जाड सिंबलाची ही हौस आली कुठून, हे शोधताना मला वाटलं होतं त्याच्या उलटंच निघालं. क्रॅश जन्मला तो पातळ. इस्तंबूलमध्ये १६२३ पासून सिंबल घडवत आलेल्या झिल्जियन या आर्मेनियन घराण्यातले अवेदिस झिल्जियन अमेरिकेत स्थायिक झाले होते. त्यांनी १९२९ मध्ये बॉस्टनजवळच्या क्विन्सी गावात कारखाना काढला. वाद्यवृंदांना आणि लष्करी बँडांना लागायच्या त्या जोडीनं आपटायच्या जाड झांजा. पण जॅझमध्ये एकच माणूस पायानं-हातानं सगळा संसार सांभाळत होता, आणि त्याला झटकन बोलून झटकन गप्प बसणारा सिंबल हवा होता. जीन क्रुपासारख्या ड्रमरांशी बोलत, त्यांचं ऐकत अवेदिसनी १९३० च्या दशकात सिंबल पातळ करत नेले. म्हणजे ज्याला आपण आज 'हलका' म्हणून नाक मुरडतो, ते क्रॅशचं मूळ रूप आहे.

जाडी चढली ती साठच्या दशकानंतर, आणि त्याला कारण होतं. 'द हू' या बँडच्या पीट टाउनशेंडनं १९६५ च्या सुमाराला जिम मार्शलकडे जास्त मोठा ॲम्प्लिफायर मागितला, १०० वॉटचा ॲम्प आणि स्पीकरांच्या कपाटांची चळत तयार झाली. गिटारवाल्यांच्या मागे भिंत उभी राहिली. ड्रमला मात्र स्टेजवर नीट माइक लावायची रीत अजून बसायची होती. ड्रमरकडे होते ते स्वतःचे दोन दंड आणि समोरचा धातू. त्याच बँडचा कीथ मून हाय-हॅटच्या वाटेला फारसा जातच नसे. ताल धरायचा तोही क्रॅशवर धडाधड मारून. अशा काळात ज्याला-त्याला जाड, जड, चढ्या आवाजाचा सिंबल हवासा वाटला तर त्यात वेडेपणा नव्हता. पुढच्या दोन-तीन दशकांत कंपन्यांनी त्या गरजेवर 'रॉक', 'पॉवर', 'हेवी' अशा छापांची रास घातली.

गरज गेली, छाप राहिला. आज मोठ्या मैदानावर प्रत्येक ड्रमला माइक असतो, सिंबलांच्या डोक्यावर दोन माइक टांगलेले असतात, आणि साउंड इंजिनियर पातळ क्रॅशलाही हवा तेवढा मोठा करू शकतो. लहान हॉलमध्ये तर सिंबलाला माइकच लागत नाही. इंजिनियरला जमत नाही ते एकच: गायिकेच्या माइकमध्ये शिरलेला क्रॅश तिच्या आवाजातून वेगळा काढणं. मोठ्या आवाजात वाजवणाऱ्या बँडसाठी मी मध्यम-पातळ, पण व्यासानं मोठा क्रॅश सुचवतो तो यामुळे. १६ इंची रॉकमध्ये मला चुटपुटता वाटतो. १८ पासून पुढे विचार करावा, १९ आणि २० ला घाबरू नये. आवाजाचा ऐवज व्यासातून घ्यावा, जाडीतून नको. हे माझं मत आहे, आणि आमच्या गिटारवाल्याला ते मान्य नाही. त्याच्याकडे नंतर येतो.

जाडीची बाजू घ्यायचीच तर वारकऱ्याच्या टाळाला साक्षीला बोलवावं. तळहाताएवढा, चांगला जाड, दोरीला बांधलेला. उघड्या माळावर, मृदंग आणि शेकडो गळ्यांच्या वर तो ऐकू येतो, आणि ॲम्प्लिफायर नावाची चीज जन्मायच्या कितीतरी आधीपासून येतो आहे. लहान व्यास आणि मोठी जाडी, म्हणून स्वर चढा. आणि इतक्या ताठ धातूला तो मघाचा उंबरठा ओलांडवतच नाही, म्हणून कितीही जोरात वाजवला तरी त्याचा गदारोळ होत नाही, सूर सूरच राहतो. टाळाला लय मोजायची असते, प्रत्येक ठोका दुसऱ्यापासून सुटा ऐकू यायला हवा असतो. तिथे जाडी अगदी बरोबर आहे. क्रॅशला मोजायचं काही नसतं. त्याला फक्त एकदा उसळायचं असतं.

धातू मात्र दोघांचा एकाच कुळातला. चांगल्या सिंबलातलं कांस्य म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील, त्यात चांदीचा किंचित अंश. ड्रमर याला 'बी-२०' म्हणतात. आपल्या काशातही कथिलाचं प्रमाण याच्याच आसपास, थोडं वरच. तांब्यात कथील इतकं वाढलं की मिश्रण ठिसूळ होतं. निवांत थंड होऊ दिलं तर हातोडीखाली तडकतं. उपाय असा की ते तापवून लाल करायचं आणि एकदम पाण्यात बुडवायचं. पोलाद पाण्यात बुडवलं तर कडक होतं, हे उलट नरम पडतं, घडवण्याजोगं होतं. काशाच्या वाट्या करणाऱ्या कारागिरांना आणि इस्तंबूलच्या सिंबलवाल्यांना ही युक्ती धातुशास्त्राच्या पुस्तकांआधीच साधली होती.

त्यानंतर पत्रा मठारायचा. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतून ज्यांनी एकदा तरी चक्कर मारली असेल त्यांना मठारकामाचा तो एकसुरी ठकठकाट आठवेल. तिथे तांब्याच्या हंड्या-घंगाळांवर हातोडीचे ठोके ओळीनं बसतात, भांड्याला ताठपणा आणि चमक येते. सिंबलावर ठोके पडतात ते पत्र्याचा ताण जागोजागी बदलण्यासाठी. ठोके एकसारखे, मशीननं मोजून घातलेले असले तर आवाज नितळ येतो. हातानं, थोडे विस्कटलेले असले तर आवाजात किंचित खरखर, थोडा काळोख येतो. मग लेथवर चढवून वरचा थर खरवडतात. त्या बारीक वर्तुळाकार रेषा आपल्याला दिसतात त्या यातून आलेल्या. हातानं मठारलेले, एकाच नावाचे, एकाच मापाचे दोन क्रॅश शेजारी शेजारी टांगून वाजवले तर दोन वेगळी माणसं बोलल्यासारखी वाटतात. यासाठीच न ऐकता, घरबसल्या मागवलेल्या क्रॅशवर माझा भरवसा नाही, मग फोटो कितीही झगमगीत असो.

कंपनी कुठली, हा प्रश्न मला सर्वांत आधी विचारला जातो आणि मी तो सर्वांत शेवटी ठेवतो. झिल्जियन घराण्यात अवेदिस गेल्यानंतर भावाभावांत वाटण्या झाल्या, रॉबर्ट झिल्जियन यांनी १९८१ मध्ये कॅनडातल्या मेडक्टिक गावी 'सेबियन' सुरू केली, आणि तेव्हापासून ड्रमर लोक दुसऱ्याच्या घरच्या भाऊबंदकीत हिरिरीनं बाजू घेत आले आहेत. धातूवरूनही सोवळंओवळं असतं. ८ टक्के कथिलाचा पत्रा म्हणजे 'बी-८'. शिकाऊ मुलांचे स्वस्त सिंबल पुष्कळदा त्याचे असतात, म्हणून तो हलक्या जातीचा समजला जातो. पण स्विस कंपनी पाइस्टेची १९७१ मध्ये आलेली '२००२' ही मालिका याच ८ टक्क्यांच्या कांस्याची, आणि जॉन बॉनम लेड झेपलिनमध्ये जे सिंबल वाजवायचा त्यांत ही मालिका होती. बॉनमला जे चाललं ते आपल्याला चालत नाही असं म्हणणारा ड्रमर मी अजून पाहिलेला नाही. तो बहुधा मनात म्हणतो.

बॉनमचं नाव निघालंच आहे तर हेडली ग्रेंजबद्दल बोललं पाहिजे, कारण क्रॅश निवडण्याचं खरं शिक्षण मला त्या घरानं दिलं, मी तिथे कधीही न जाता. इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यातली ही जुनी वास्तू. एके काळी तिथे गोरगरिबांना ठेवून काम करून घेत. १९७१ च्या शेवटी निघालेल्या लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बममधलं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' तिथे ध्वनिमुद्रित झालं. इंजिनियर अँडी जॉन्सनं ड्रम जिन्याच्या खाली, प्रवेशाच्या दालनात मांडून घेतले आणि दोन माइक वरच्या मजल्यावरून जिन्याच्या पोकळीत सोडले. प्रत्येक ड्रमच्या तोंडाशी माइक नेण्याऐवजी त्यानं कान जिन्यात टांगला. त्या ड्रमचा जो आवाज जगभर नावाजला गेला, तो बॉनमच्या कानांना ऐकू येणारा आवाज नव्हता. तो दोन मजल्यांमधल्या हवेला ऐकू आलेला आवाज होता.

ड्रमरचा कान क्रॅशच्या कडेपासून हाताच्या अंतरावर असतो. सिंबल आवाज फेकतो तो मुख्यतः पाठीच्या आणि पोटाच्या दिशेला. कडेच्या रेषेत तो बराच कमी पडतो, आणि वाजवणारा पुष्कळदा नेमका त्या रेषेच्या जवळ बसलेला असतो. वर हाताला स्टिकचा झटका कळत असतो, डोळ्यांना सिंबल हेलकावताना दिसत असतो, आणि हे सगळं मिळून त्याला वाटतं की आपण ऐकलं. ज्या माणसासाठी हा उपद्व्याप चालला आहे तो मागच्या रांगेत, चहाच्या काउंटरजवळ उभा असतो. त्याच्यापर्यंत काय पोहोचलं हे ड्रमरला आयुष्यात कधी कळत नाही, तिथे जाऊन उभं राहिल्याशिवाय. आणि तिथे उभं राहायचं तर वाजवायला दुसरं कोणीतरी लागतं.

म्हणून निवडीच्या दिवशी मी स्टिक बासवाल्याच्या हातात देतो. त्याला ड्रम येत नाहीत हे माझ्या पथ्यावर पडतं. तो भिडस्तपणानं मारत नाही आणि कौतुकही करत नाही. दोन्ही गिटार नेहमीच्या आवाजावर चालू ठेवायच्या, गायिकेनं धृपद म्हणत राहायचं, आणि मी जॅमरूमचं दार उघडं टाकून पॅसेजच्या टोकाला जायचं. तिथून ऐकलं की क्रमवारी उलटीपालटी होते. जवळून गोड, भरजरी वाटलेला सिंबल गिटारच्या भिंतीत विरघळून जातो. जवळून थोडा घाणेरडा, थोडा कर्कश वाटलेला तिथवर धडपडत येऊन 'छ्श्श' करतो आणि नाहीसा होतो, आणि मागून गाण्याची पुढची ओळ शाबूत येते. झगमगीत पॉलिश केलेला आणि न केलेला यांच्यात जवळून जो फरक ऐकू यायचा, त्यातला बराचसा पॅसेजमध्ये येईपर्यंत उरत नाही. पॅसेजमध्ये लिफ्टची वाट बघणारी वरच्या मजल्यावरच्या क्लासेसची मुलं असतात. त्यांच्या कपाळावर आठी कोणत्या सिंबलाला पडते तेही मी बघून ठेवतो.

पातळ घेतला तर फुटेल, ही भीती उरते. फुटतो, खोटं कशाला बोला. पण जाडही फुटतो. फटक्याची शक्ती पातळ पत्रा लवून, हेलकावून वाटून टाकतो; ताठ पत्र्याला लवता येत नाही, तो सगळा मार कडेच्या एका ठिकाणी सोसतो. सिंबल मरतात ते बहुतेक वाजवण्याच्या आणि टांगण्याच्या पद्धतीनं. विंगनट करकचून आवळलेला, मधला प्लास्टिकचा स्लीव्ह हरवलेला, त्यामुळे भोक स्टँडच्या दांड्यावर घासून लांबट होत गेलेलं. किंवा सिंबल उंच, सपाट टांगलेला आणि त्याच्या कडेवर काठी काटकोनात, कुऱ्हाडीसारखी. क्रॅश थोडा आपल्याकडे कललेला असावा, सैल डुलता असावा, आणि स्टिकच्या मानेनं त्याला तिरकं झाडून पुढे निघून जावं. फटका क्रॅशवर संपवायचा नाही, त्याच्यातून पलीकडे न्यायचा. हे मी शिकवायला लागलो की मुलं मान डोलावतात आणि कुऱ्हाड चालवतात. त्यांचंही बरोबर असतं; विसाव्या वर्षी रॉक वाजवायचा तो काय तिरकं झाडायला?

परदेशी सिंबलांच्या किमती पाहता आपल्याकडे जुना क्रॅश घेण्यात कमीपणा कोणी मानत नाही. जुना घेताना मात्र कडेवरून अंगठ्याचं नख पुरं गोल फिरवावं. केसाएवढी चीर डोळ्याला चुकते, नखाला लागते. मधलं भोक गोल आहे का पाहावं. उजेडासमोर धरावा. वाजवल्यावर आवाज मध्येच दबला, बारीक खरखरला, तर परत द्यावा. अशाच एका विक्रीसाठी मी कोथरूडमधल्या एका फ्लॅटमध्ये गेलो होतो. इंजिनियरिंगचा मुलगा, परदेशी शिकायला निघालेला, ड्रमसेट मोडीत काढत होता. त्यानं क्रॅश दिवाणावर ठेवून दाखवला. मी नख फिरवत असताना आतून त्याची आजी आली, चष्मा सारखा करून तिनं सिंबल नीट न्याहाळला आणि मला म्हणाली, "अहो, हे एकच आहे. जोडीतलं दुसरं कुठाय, ते विचारा आधी. एकटं घेऊन काय करणार?" नातू हसत सुटला. मला आजींचा प्रश्न रास्त वाटला. तिच्या उभ्या आयुष्यात झांज कधी एकटी वाजली नव्हती, आणि धातूवर धातू न आपटता लाकडानं तिला मारायचं ही कल्पना तिला बहुधा अघोरीच वाटली असती. तो क्रॅश मी घेतला. आजींनी पिशवी दिली.

मोठ्या आवाजाचा विषय काढून कानाबद्दल गप्प राहणं बरं नाही. ८५ डेसिबल आठ तास, हा कामाच्या ठिकाणचा सुरक्षिततेचा एक प्रचलित हिशेब आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. १०० ला पोहोचेपर्यंत हाती उरतात १५ मिनिटं, आणि बंद खोलीत ड्रमरच्या कानाशी क्रॅश १०० च्या वर सहज जातो. मी कानात प्लग घालतो. ते घातले की चमकदार सुरांचा वरचा पापुद्रा उडून जातो, म्हणजे निवडताना माझ्या स्वतःच्या कानावरचा माझा विश्वास आणखीनच कमी. आवाजाची तक्रार करणारे बाहेरही असतात, आणि त्यांच्याकडे कायदा असतो. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' गाजत होता. शेजारी कॉलेज आणि इस्पितळं. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तिथले असे कार्यक्रम थांबले. आमच्या पिढीनं त्याबद्दल पुष्कळ उसासे टाकले. इस्पितळातल्या खाटेवरून कोणाला क्रॅश कसा ऐकू येत असेल, हे मात्र आमच्यातल्या कोणी तेव्हा मनात आणलं नाही. तीही मागचीच रांग, तिकीट न काढता बसलेली.

सध्या माझ्या डाव्या हाताला आजींच्या घरचा १८ इंची आहे, मध्यम-पातळ, हातानं मठारलेला, एका बाजूला थोडा काळवंडलेला. गायिकेला तो चालतो. उजवीकडची जागा रिकामी आहे. तिथे मला २० इंची हवा आहे, डाव्याहून स्वरानं चांगला खाली, ज्याच्यावर शेवटच्या धृपदात कीथ मूनसारखं बिनदिक्कत बडवत राहता येईल आणि तरी तो ओरडणार नाही. गिटारवाल्याचं म्हणणं, १९ इंची जाड घ्या, तुमचा क्रॅश मला ऐकूच येत नाही. मी त्याला म्हटलं, तुझा ॲम्प तुझ्या पोटऱ्यांवर आवाज मारतो, तो जरा कानाकडे वळव, म्हणजे तू तो कमी करशील आणि मग ऐकू येईल. तो म्हणाला, काका, विषय सिंबलचा चाललाय. गिगचा दिवस नव्हता, त्यामुळे काका चालून गेलं. शेवटी असं ठरलं आहे की रविवारी दोन्ही सिंबल उसने आणायचे, बासवाला मारणार, आणि या वेळी पॅसेजमध्ये गिटारवाला जाऊन उभा राहणार. त्याची गिटार तेवढा वेळ मी वाजवायची आहे. मला फक्त तीन कॉर्ड येतात, पण त्याच्या ॲम्पवर तेवढ्या पुरतील.